अ‍ॅनालॉगचे सोवळे

मॉड्युलर सिंथेसायझरच्या जगात एक अलिखित उतरंड आहे. ज्याच्या पेटीत सगळे अ‍ॅनालॉग, तो वरचा. ज्याच्या पेटीत चिप आणि प्रोग्रॅम, तो खालचा. अ‍ॅनालॉग आवाज म्हणे 'शुद्ध', 'अस्सल', 'जिवंत'. डिजिटल इफेक्ट आणि डिजिटल फिल्टर म्हणजे 'नक्कल', 'भेसळ', 'खेळणे'. शुद्ध आणि भेसळ हे शब्द एकत्र कानावर पडले की आपले कान का टवकारतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणूनच हा विषय वरवर पाहता आपल्या चर्चेबाहेरचा वाटला तरी आम्ही तो इथे मांडत आहोत.

आम्ही म्हणजे एका तालुक्याच्या गावातले पाच जण. एक अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, एक भीमगीतांच्या कार्यक्रमात कीबोर्ड वाजवतो, एकाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, एक संगणकशास्त्र शिकते आणि पाचवी शिलाई मशीन चालवता चालवता सोल्डरिंग शिकली. आज आमच्यात तिच्याइतके स्वच्छ सोल्डरिंग कोणाचेच नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही डिजिटल इफेक्टचे एक मॉड्यूल बनवायला घेतले. एका शहरातल्या जमावात ते घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी ते हातातही न घेता विचारले, "यात कोड आहे का?" आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग हे वाद्य नाही, पोरांनो. हा कॉम्प्युटर आहे." आवाज ऐकण्याआधीच निकाल लागला होता. त्या गृहस्थांशी आमचे वैयक्तिक भांडण नाही. भांडण त्या निकालाशी आहे, आणि ते तपशिलात जाऊनच केले पाहिजे.

आधी मॉड्युलर म्हणजे काय ते थोडक्यात. साध्या कीबोर्डमध्ये आवाज निर्माण करणारा भाग, तो कापणारा भाग, लहानमोठा करणारा भाग, सगळे आत कायमचे जोडलेले असते. मॉड्युलरमध्ये हे भाग सुटे असतात आणि वाजवणारा वायरींनी त्यांना हवे तसे जोडतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने न्यूयॉर्क राज्यात, आणि त्याच काळात डॉन बुकला यांनी सॅन फ्रान्सिस्कोत, एकमेकांपासून वेगळे असे हे काम सुरू केले. मुख्य कल्पना अशी की प्रत्येक बटण हाताने जसे फिरवता येते तसे ते व्होल्टेजनेही फिरले पाहिजे. एक भाग दुसऱ्याला फिरवतो, दुसरा तिसऱ्याला. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीत म्युनिकजवळ डीटर डोएप्फर यांनी ए-१०० ही मालिका काढली. १२८.५ मिलिमीटर उंचीची पट्टी, ३.५ मिलिमीटरचे जॅक, अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा. ही मापे त्यांनी लपवून ठेवली नाहीत, म्हणून जगभरच्या लहान कारागिरांना त्याच मापात आपले मॉड्यूल बनवता आले. आज ज्याला युरोरॅक म्हणतात ते हेच.

आता फिल्टर. वस्तीत डीजे वाजत असतो आणि आपण भिंतीआड घरात असतो, तेव्हा आपल्याला काय ऐकू येते? गाण्याचे शब्द येत नाहीत, झांज येत नाही, फक्त ढम ढम येते. भिंत वरचे सूर खाते आणि खालचे सोडते. ती भिंत म्हणजे लो-पास फिल्टर. कोणी दार हळूहळू उघडत गेले की गाणे उजळत जाते. फिल्टरचे बटण फिरवणे म्हणजे ते दार उघडणे. मूग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून चार पायऱ्यांचा फिल्टर बनवला. तो कापण्याच्या सीमेच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबलने आवाज खाली आणतो. त्याचे पेटंट त्यांना १९६९ मध्ये मिळाले. ज्याला आज जगभर 'तो' अस्सल अ‍ॅनालॉग फिल्टर म्हणून पूजतात, त्याचा जन्म असा पेटंटच्या कुंपणात झाला. प्रतिस्पर्धी एआरपी कंपनीने आपल्या सुरुवातीच्या सिंथमध्ये तशीच शिडी वापरली आणि नंतर तिला आपला फिल्टर बदलावा लागला. अस्सलपणाच्या गप्पांमध्ये हा कागदोपत्री इतिहास सहसा सांगितला जात नाही.

सोवळ्याचा पहिला युक्तिवाद असा: डिजिटल यंत्र आवाजाचे तुकडे करते, अ‍ॅनालॉग आवाज अखंड ठेवते. ऐकायला हे पटते. मग बकेट-ब्रिगेड चिपचे काय करायचे? १९६९ मध्ये फिलिप्समध्ये शोधलेली ही चिप जुन्या अ‍ॅनालॉग इको आणि कोरसचा आत्मा आहे. तिचे काम आग विझवणाऱ्या माणसांच्या रांगेसारखे चालते. बादली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, तसा विद्युतभार एका खान्यातून पुढच्या खान्यात जातो. म्हणजे काय, तर आवाज काळाच्या तुकड्यांतच मोडलेला असतो! तुकड्याची किंमत आकड्यात लिहीत नाहीत, एवढाच फरक. तरीही ही चिप सोवळ्यात बसते.

दुसरे उदाहरण आणखी मजेचे. आपल्या प्रत्येक कार्यक्रमात गायकाच्या माईकला जो इको असतो, त्या स्वस्त मिक्सरमध्ये बहुधा पीटी-२३९९ नावाची चिप असते. कराओकेच्या यंत्रांसाठी बनलेली ही तैवानची चिप आम्हाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ५० रुपयांच्या आत मिळाली. ती शंभर टक्के डिजिटल आहे. आवाजाचे एक-एक बिट करून ४४ किलोबिटच्या स्मृतीत ठेवते आणि परत काढते. साधारण ३४० मिलिसेकंदांच्या पुढे तिला ताणले की आवाज खरबरीत, धुळकट होत जातो. हीच चिप परदेशातल्या गिटार-पेडलमध्ये आणि युरोरॅक मॉड्यूलमध्ये घातली की तिच्या त्या धुळकटपणाला 'अ‍ॅनालॉगसारखी ऊब' म्हणतात. आणि आपल्या स्टेजवर तीच चिप वाजली की? 'चीप इको'. चिप तीच, धूळ तीच. फरक कोणाच्या स्टेजवर वाजते याचा.

तिसरा युक्तिवाद उशिराचा: डिजिटल मॉड्यूल हिशेब करायला वेळ घेते, त्यामुळे लयीत बसत नाही. आम्ही आमच्यापुरते मोजले. सेकंदाला ४८,००० नमुने आणि एका वेळी ३२ नमुन्यांचा घास, म्हणजे एका घासाला ०.६७ मिलिसेकंद. आत घेणे आणि बाहेर टाकणे धरून दोन मिलिसेकंदांच्या आसपास. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे आमच्या मॉड्यूलचा उशीर हा स्पीकर दोन-सव्वादोन फूट मागे सरकवण्याइतका आहे. स्टेजवर ढोलकीवाला स्पीकरपासून ३० फुटांवर बसलेला असतो तेव्हा आवाज त्याच्यापर्यंत सुमारे २७ मिलिसेकंदांनी पोचतो, आणि तरी तो ठेका सोडत नाही. मग दोन मिलिसेकंदांनी कोणाची लय बिघडते?

डिजिटलला दोष नाहीत असे आमचे म्हणणे नाही. ते आहेत, आणि कारागिराने ते माहीत करून घेतले पाहिजेत. ४८,००० नमुन्यांत २४,००० हर्ट्झच्या वरचे काही धरता येत नाही. आवाज मुद्दाम फाडला की त्यातून वरचे सूर उगवतात. त्यातला एखादा ३०,००० हर्ट्झचा असेल तर तो गुपचूप दुमडून १८,००० वर येऊन बसतो, आणि मूळ सुराशी त्याचे काहीच नाते नसते. कानाला काच घासल्यासारखे लागते. उपाय आहे: हिशेब दुप्पट किंवा चौपट वेगाने करायचा, नको ते कापायचे, मग मूळ वेगावर यायचे. शिडीच्या फिल्टरची नक्कल करतानाही अडचण येते. अ‍ॅनालॉग शिडीत शेवटच्या पायरीचा आवाज त्याच क्षणी पहिलीकडे परततो; प्रोग्रॅममध्ये तो एक नमुना उशिरा परततो, आणि तेवढ्याने सूर हलतो. यावर अँटी हुओविलाइनेन यांनी २००४ मध्ये शिडीच्या वक्रतेसकट निबंध लिहिला. वादिम झावालिशिन यांनी तर या विषयावरचे अख्खे पुस्तक कोणालाही फुकट उतरवून घेता येईल असे ठेवले आहे. आमच्यातल्या संगणकवालीने त्यातली गणिते तीन महिने घासली. सांगायचे असे की डिजिटल फिल्टरमागे माणसाची मेहनत असते, बुद्धी असते. 'यात कोड आहे' हे वाक्य ज्यांना शिवीसारखे वापरता येते, त्यांनी कोड लिहून पाहिलेला नसतो.

आता ज्या गोष्टीने आम्हाला या धंद्यात खेचले तिच्याकडे येतो. १९८३ मध्ये केविन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी तारेचा आवाज काढण्याची एक युक्ती प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आहे की ऐकल्यावर हसू येते. एका ओळीत काही खाने मांडा. त्यात कोणतेही आकडे भरा, अगदी डोळे मिटून. म्हणजे नुसता खरखराट. आता पहिल्या खान्यातला आकडा बाहेर वाजवा, तो आणि त्याच्या शेजारचा यांची सरासरी काढा, आणि ती ओळीच्या शेवटी नेऊन ठेवा. मग पुढचा. बस्स, हेच करत राहा. बाहेर येतो तो छेडलेल्या तारेचा आवाज.

का येतो? ओळ जितकी लांब तितका सूर खालचा. ४८,००० नमुन्यांच्या वेगाने २२० हर्ट्झचा सूर हवा असेल तर साधारण २१८ खाने लागतात. आणि सरासरी काढणे म्हणजे काय, तर जगातला सगळ्यात गरीब फिल्टर: दोन शेजाऱ्यांना समान करणारा. आकड्यांतले तीव्र चढउतार, म्हणजे वरचे सूर, त्यात आधी मरतात; खालचे रेंगाळतात. खरी तार छेडली की तेच होते, आधी टणत्कार, मग गुंजन. आम्ही पहिल्यांदा हे चालवले तेव्हा कीबोर्डवाल्याने मान वर न करता विचारले, "तुणतुणे कुठून आणले?" तुणतुणे नव्हतेच. २१८ खाने होते आणि एक सरासरी होती.

अर्थात तुणतुण्याचा गुण त्याच्या कातड्यात असतो. पोकळ डब्याखालचे कातडे तारेबरोबर बोलते. ते आणायला आम्ही तारेच्या मागे दोन-तीन घुमणारे फिल्टर जोडले, प्रत्येक आपापल्या सुरावर ताणलेला. त्यांचे सूर ठरवायला एका म्हाताऱ्या शाहिरांचे तुणतुणे मागून आणले, खिळे ठोकून बसवलेले. डब्यावर टिचकी मारून आवाज टिपला आणि कोणते सूर उठतात ते पाहिले. वरच्या पट्टीत अडचण आली. १,७६० हर्ट्झला जेमतेम २७ खाने लागतात. २७ घेतले तर सूर उतरतो, २६ घेतले तर चढतो, साडेसव्वीस खाने तर मांडता येत नाहीत. त्यावरही त्याच १९८३ सालचा उपाय आहे: वाटेत एक ऑल-पास फिल्टर घालायचा, जो कोणताच सूर कापत नाही, फक्त खान्याच्या अंशाइतका थांबवतो. हे बसले त्या दिवशी रात्री बारा वाजता गल्लीतला कुत्रा भुंकेपर्यंत आम्ही ते वाजवत होतो.

कातड्याचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. या देशात वाद्यांचेही सोवळे होते आणि आहे. कातडे कमावणारा, मढवणारा, हलगी वाजवणारा खालचा. त्याच कातड्यावर सभागृहात बोटे फिरवणारा कलावंत. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये मृदंगम बनवणाऱ्यांवर, ज्यांच्यात दलित ख्रिस्ती कारागीर मोठ्या संख्येने आहेत, इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते तरुणांनी मिळवून वाचावे. वाद्य बनवणाऱ्याचे नाव वाद्याच्या इतिहासात का नसते, हा त्यातला प्रश्न आहे. मॉड्युलरच्या जगात निदान पट्टीवर बनवणाऱ्याचे नाव छापलेले असते. त्या जगाची आम्हाला आवडलेली ही एक गोष्ट.

इफेक्ट म्हणजे भाजीवरची कोथिंबीर, मूळ संगीत वेगळे, असेही मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या किंग टबी यांचे काम ऐकावे. ऑस्बर्न रडॉक हे त्यांचे नाव. वॉटरहाऊस या गरीब वस्तीतला रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. १९७० च्या दशकात घरातल्या छोट्या स्टुडिओत त्यांनी दुसऱ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर आणला. त्यावर एक मोठे बटण होते, खालचे सूर कापणाऱ्या हाय-पास फिल्टरचे. इतरांच्या लेखी ते दुरुस्तीचे बटण. टबींनी ते वाद्यासारखे वाजवले. तयार गाण्यातून गायक काढून टाकायचा, ढोल आणि बास उरवायचा, एखादा शब्द इकोमध्ये फेकायचा आणि तो विरत असताना फिल्टर फिरवायचा. त्यालाच डब म्हणतात. १९८९ मध्ये त्यांचा घरासमोर खून झाला. आज मॉड्युलरवाले डिले मॉड्यूलच्या फीडबॅकमध्ये फिल्टर घालून जे करतात, प्रत्येक फेरीला थोडा काळोख वाढवत जाणारा इको, त्याची मुळे एका दुरुस्तीवाल्याच्या हातात आहेत. आमच्यातल्या अ‍ॅम्प्लिफायरवाल्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपला माणूस." आम्ही म्हटले, होय.

रिव्हर्बची गोष्ट तर सरळ जागेची आणि मालकीची आहे. गाण्याला भरीवपणा देते ती खोली: उंच छत, दगडी भिंत, परत येणारा आवाज. ज्यांच्याकडे अशी सभागृहे होती त्यांच्या गाण्याला तो भरीवपणा आयता मिळाला. आपले जलसे उघड्या मैदानात झाले, पत्र्याच्या मंडपात झाले, समाजमंदिराच्या दहा बाय वीसच्या खोलीत झाले. स्टुडिओंनी त्यासाठी यंत्र शोधले, पण कसे? १९५७ साली जर्मन कंपनी ईएमटीने काढलेले रिव्हर्ब म्हणजे एक मोठा पोलादी पत्रा ताणून बसवलेली पेटी, वजन पाव टनाच्या पुढे. ते घ्यायला पैसा हवा आणि ठेवायला पुन्हा खोली हवीच! १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांनी दाखवले की खोली आकड्यांतही बांधता येते. वेगवेगळ्या लांबीचे काही डिले स्वतःवरच परत फिरवायचे, मग ऑल-पास फिल्टरांतून ढकलायचे, म्हणजे मोजके पडसाद फुटून हजारो होतात. ईएमटीचे डिजिटल यंत्र १९७६ मध्ये आले, लेक्सिकॉनचे १९७८ मध्ये. दोन्ही बड्या स्टुडिओंसाठी. मग कीथ बार या माणसाने १९८६ मध्ये अलेसिस कंपनीतून मिडिव्हर्ब ४०० डॉलरच्या आत आणले. त्यानेच पुढे एफव्ही-१ ही चिप काढली. तिला चालवायला मनगटी घड्याळातले ३२,७६८ हर्ट्झचे स्फटिक पुरते, आणि प्रत्येक नमुन्यामागे ती फक्त १२८ सूचना पाळते. १२८ ओळींत देऊळ, चर्च, विहार, दरी, जे हवे ते बांधा. असंख्य युरोरॅक रिव्हर्ब आणि पेडल या एका चिपवर उभे आहेत. आमचे पहिले मॉड्यूलही तिच्यावरच. आकड्यांतली खोली नकली असते, हे म्हणणे त्यांनाच परवडते ज्यांच्याकडे खरी खोली होती.

भारतात मॉड्युलर कधी आले असे विचारले तर बहुतेक जण गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या महानगरांकडे बोट दाखवतील. प्रत्यक्षात १९६९ मध्येच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगची मॉड्युलर यंत्रणा आली होती. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ती मांडून दिली. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिच्यावर काम केले. १९७२ नंतर ते थांबले, आणि फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्यावर २०२३ मध्ये त्यांतला भाग प्रकाशित झाला. त्या कलावंतांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण एक यंत्र एका संस्थेच्या एका खोलीत, आणि त्या खोलीचे दार कोणाला उघडे होते? बाहेरच्या कारागिराला, रेडिओ दुरुस्तीवाल्याला त्याचा नकाशा कधी पाहायला मिळाला का? नकाशा बाहेर पडला असता तर फिती पडून राहिल्या तरी विद्या पडून राहिली नसती. मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने १९८२ मध्ये रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रे घेऊन दहा रागांची डिस्को तबकडी काढली. त्या ३०३ च्या फिल्टरची ती ओली, चिरकी बोली पुढे शिकागोच्या काळ्या तरुणांनी जगभर नेली. आपल्याकडे ती तबकडी विस्मरणात गेली आणि २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा लोकांना कळले. ज्ञान एका ठिकाणी उगवते आणि तिथेच वाळते, हे आपल्याकडे पुन्हा पुन्हा होते.

याच्या उलट उदाहरण फ्रान्समधले आहे आणि त्यावरून आमच्यात खरे भांडण झाले.

एमिली जिले या अभियंता बाईंनी म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स नावाने डिजिटल मॉड्यूल बनवली. रिंग्ज हे त्यांचे मॉड्यूल घुमणाऱ्या फिल्टरांचा संच आहे. त्यात कार्प्लस-स्ट्राँगची तारही आहे. क्लाउड्स हे आवाजाचे कण करून उधळणारे मॉड्यूल. ते सेकंदाला ३२,००० नमुन्यांवर चालते, आणि दर्जा कमी करत नेला तर त्याची स्मृती एका सेकंदापासून आठ सेकंदांपर्यंत ताणता येते. सोवळ्याच्या हिशेबाने हलका माल! पण गेल्या दशकात युरोरॅकमधले सर्वांत जास्त ऐकले गेलेले मॉड्यूल कोणते असे विचारले तर हेच नाव निघेल. महत्त्वाचे हे की बाईंनी कोड आणि सर्किटचे नकाशे दोन्ही खुले ठेवले. कोणीही वाचा, बदला, बनवा, विका. अट साधी: आमचे नाव तुमच्या मालावर लावू नका, आणि नकाशा बदलला तर तोही खुला ठेवा. मॅथियास पुएश यांनी क्लाउड्ससाठी पॅरासाइट्स हा पर्यायी प्रोग्रॅम लिहिला, कित्येकांनी छोट्या आकाराच्या प्रती बनवल्या. २०१७ मध्ये क्लाउड्सचे उत्पादन थांबले, २०२२ मध्ये बाईंनी कंपनीच आवरली. मॉड्यूल मात्र मेले नाही, आजही बनते आहे. २०१७ मध्ये आलेल्या व्हीसीव्ही रॅक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तर तो कोड तसाच चालतो. आम्ही मॉड्युलर शिकलो ते कर्जाऊ लॅपटॉपवर, त्यातूनच. एकही परदेशी मॉड्यूल आम्ही विकत घेतलेले नाही. किंमत, टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळून एका मॉड्यूलमागे आमच्यातल्या दोघांचा महिना जातो.

मग आमचे तुणतुण्याचे मॉड्यूल तयार झाल्यावर प्रश्न आला: नकाशा खुला ठेवायचा का? चौघे हो म्हणालो. शिलाईवाली नाही म्हणाली, आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत नोंदवतो. "आपल्या लोकांचे हात शतकानुशतके फुकटच वापरले गेले. आता कुठे हाताला भाव येतोय तर तुम्ही म्हणता नकाशा वाटून टाका. ज्यांच्याकडे भांडवल आहे ते हजार नग काढतील, आपण दहा काढू. खुलेपणा परवडायला आधी पोट भरलेले लागते." यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. हा मुद्दा खोडून काढता येण्यासारखा नाही. बाईंची कंपनी खुली राहूनही चालली, पण ती फ्रान्समध्ये होती आणि ग्राहक जगभर होता.

आमची बाजू अशी. आम्ही जे शिकलो ते सगळे कोणीतरी खुले ठेवले म्हणून शिकलो. झावालिशिन यांचे पुस्तक, मिलर पकेट यांचे पुस्तक आणि त्यांचे प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर, ज्युलियस स्मिथ यांनी स्टॅनफर्डमधून खुली ठेवलेली फिल्टरची पुस्तके, जिले बाईंचा कोड. यातले एकही कुलपात असते तर आज आम्ही त्या गृहस्थांचा प्रश्न ऐकायलाही तिथे नसतो. विद्या कुलपात ठेवण्याचा परिणाम काय होतो याचा अनुभव आपल्याइतका कोणाला नाही. ते कुलूप आपणच दुसऱ्याला लावायचे? आणि व्यवहार म्हणाल तर कातड्याच्या डब्याचे ते सूर नकाशात नाहीत. ते कानाने लावलेले आहेत. ज्याला तुणतुणे माहीत नाही त्याला हजार नग काढूनही ते लावता येणार नाहीत.

"कान खुला ठेवू नका म्हणजे झालं," ती म्हणाली. शेवटी मतदान झाले, आणि तिच्या मुद्द्यातून दोन अटी निघाल्या. कोड आणि नकाशा खुला. बदल करणाऱ्याने बदलही खुले ठेवायचे. नाव आमचेच राहील, दुसऱ्याने लावायचे नाही. आणि आमच्या हातांनी बनलेल्या प्रत्येक नगाच्या किमतीत सोल्डरिंगची मजुरी वेगळी लिहिली जाईल, भागांच्या किमतीत बुडवली जाणार नाही. दुसरी अट जगातल्या कोणत्याच परवान्यात नाही. ती आमच्या पावतीवर आहे.

एक अडचण अजून आहे. वर सांगितलेली सगळी पुस्तके इंग्रजीत आहेत, तीही गणिताच्या इंग्रजीत. वस्तीतला जो मुलगा अ‍ॅम्प्लिफायर उघडून आवाज कुठे अडकलाय ते बोटाने दाखवतो, त्याला 'पोल' आणि 'झीरो' समजावायला आम्हाला मराठी सापडत नव्हते. सध्या आम्ही टिपणे लिहितो आहोत. लो-पासला भिंत, हाय-पासला टबीचे बटण, ऑल-पासला 'थांबवणारा', डिलेला खाने. रेझोनन्सला शब्द सुचत नव्हता. शाहीरबुवांनी सुचवला, 'घुमारा'. पहिली १४ पाने झाली आहेत आणि समाजमंदिरातल्या वाचनालयात टेबलावर ठेवली आहेत, शेजारी मॉड्यूल आणि दोन हेडफोन. रविवारी सकाळी दहा ते एक कोणीही येऊन वायरी जोडून पाहावे. हेडफोनचा एक कान कधी कधी जातो. तो हलवला की येतो.